धार न टिकणारी सुरी

प्रिय भटक्या,

पार्सल उघडलंस की आधी हे पत्र वाच, मग सुरीला हात लाव. सोमवारी तू निघणार, वर्षभर त्या वरच्या ठाण्यावर बर्फ मोजत राहणार, आणि तिथून जवळचं माणूस चार दिवसांच्या चालीवर. अशा ठिकाणी तुझी जुनी सुरी घेऊन जायचं नाही. का, ते सांगायला मला सहा वर्षं लागली आहेत, तेव्हा तूही दहा मिनिटं दम धर.

तू पहिल्यांदा दुकानात आलास तेव्हा रानातली झाडं मोजायची नोकरी नुकतीच लागली होती तुला. हातात ही एवढी लांब सुरी, पात्याच्या पाठीवर करवतीचे दात, पोकळ मुठीत होकायंत्र आणि मासे पकडायचा गळ. मी विचारलं, रानात जायचंय की सिनेमात? दुसरा कोणी तडक निघून गेला असता. तू स्टूल ओढून बसलास आणि म्हणालास, मग तुम्हीच निवडून द्या. मी बाबांच्या कपाटातून एक साधी सुरी काढली आणि तुझी शिकवणीच घेतली. पातं तळहाताएवढं पुरे. पोलाद मुठीच्या आतून शेवटपर्यंत एकसंध गेलेलं हवं, नाहीतर लाकूड फोडताना मूठ तुझ्या हातात आणि पातं लाकडात. पाठीवर दात नकोत, काटकोनात घासलेली कड हवी, म्हणजे चकमकीच्या सळीवर ओढली की ठिणगी पडते. तुझा उजवा अंगठा नीट मिटत नाही हे माझ्या लक्षात आलं, म्हणून मूठ बदलायचं ठरवलं आणि ओल्या मातीचा गोळा तुझ्या हातात दाबून माप घेतलं. तो वाळलेला गोळा अजून माझ्या खणात आहे. कशाला ठेवलाय म्हणून शेजारच्या शिंप्याने एकदा विचारलं, तर मी त्याला त्याची कात्री मुद्दाम आठवडाभर उशिरा दिली.

आता मुख्य गोष्ट. त्या साध्या सुरीची धार जाड होती, ती चाकावर पातळ करायची होती. या कामाचा एकच नियम. पातं दोन श्वास चाकाला लावायचं, लगेच पाण्यात बुडवायचं, पुन्हा लावायचं. बाबांनी मला आठव्या वर्षी हे शिकवलं आणि त्यानंतर माझ्या हातून कधी चूक झाली नव्हती. तू समोर बसून सांगत होतास की अस्वलाने तुझा डबा कसा खाल्ला आणि तू झाडावरून त्याला नुसतं बघत कसा बसलास. स्वतःच्या फजितीवर तू असा हसत होतास की माझी मान वर झाली. दोन श्वासांचे दहा कधी झाले कळलंच नाही. खाली पाहिलं तर धारेवर दोन बोटं रुंद निळा पट्टा. पोलाद निळं पडलं की त्याला दिलेलं पाणी उतरतं, ते मऊ होतं. त्यावर धार लागते, पण टिकत नाही. अशी सुरी बाजूला टाकायची असते. मी तुला संध्याकाळी ये म्हणाले, आणि तू गेल्यावर पॉलिश पेपरने तो निळा रंग घासून काढला. रंग जातो, मऊपणा जात नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी तुझ्यासमोर माझी चूक उघडी पडू नये, एवढंच डोक्यात होतं.

दीड महिन्याने तू तक्रार घेऊन आलास तेव्हा मी सांगणार होते, खरंच. पण तू म्हणालास की रोज दगडावर घासूनही दुपारपर्यंत धार जाते, माझ्या हातालाच वळण नाही. आणि मी म्हणाले, येईल हळूहळू. मी, ही बाई, जिच्या दुकानाच्या पाटीवर बाबांचं नाव आहे. मग दर दीड महिन्याने तू तीन तास बसमध्ये बसून यायचास आणि मी पाऊण तासाचं काम अडीच तास करायचे. शिंपी भिंतीपलीकडून ओरडायचा, तुमचं बोथट गिऱ्हाईक आलं बरं का. तुझी वेळ जवळ आली की मी धुतलेला एप्रन घालायचे. एकदा तुझा पाय मुरगळला आणि तू चार महिने आला नाहीस, तेव्हा न्हाव्याच्या वस्तऱ्यापासून खाटकाच्या सुऱ्यांपर्यंत सगळ्यांवर माझी चिडचिड चालली होती.

गेल्या खेपेला तू पावसातली गंमत सांगितलीस. ओलं लाकूड, बधिर बोटं, दुमडलेली धार, आणि विस्तवापुरत्या कोरड्या ढलप्या काढायला लागलेला दीड तास. दात इतके वाजत होते म्हणे, की एक ते दहा आकडेही म्हणता येईनात. तू हसत होतास आणि मी त्या सुरीकडे बघत होते. मग तू विचारलंस, वर्षभर हीच नेऊ ना? आणि मी म्हणाले, ने. का म्हणाले, ते मला आजही सांगता येत नाही. तू गेल्यावर भर दुपारी दुकान बंद केलं आणि आत बसून राहिले.

ही नवी सुरी अकरा दिवसांत केली. चाकाला लावलीच नाही, सगळी कानशीने हाताने घासली. मूठ त्याच मातीच्या मापाची आहे, अंगठ्याची खोलगट जागा थोडी वाढवली आहे, म्हणजे हातमोज्यातही पकड बसेल. मागच्या अंगणात भिजलेले ओंडके फोडले, दोरखंड कापला, टोक पकडीत धरून वाकवून पाहिलं. सुरी खणखणीत आहे. सोबत छोटा दगड आहे, आठवड्यातून एकदा दहा वेळा ओढलीस की झालं. आणि ऐक, तुझा हात वाईट नाही. पहिल्या वर्षापासून चांगला होता. तुझ्यासारखा हात मी शिकाऊ लोकांत पाहिलेला नाही, आणि तरी सहा वर्षं तुला ते कळू दिलं नाही. याची मला लाज वाटते.

सुरीबरोबर ‘जुनी झिजली, ही घे’ एवढी चिठ्ठी पुरली असती. तुला काही कळलं नसतं. पण मग ही धार टिकणार, वर्ष दोन वर्षं टिकणार, आणि तुला इकडे यायचं कारणच उरणार नाही. तू येईनासा झालास तर ते रागाने असावं, गरज संपली म्हणून नको, असं मला वाटलं आणि मी लिहायला बसले. रागावलास तर तो तुझा हक्क आहे, तसं दोन ओळींत कळव. नाही रागावलास, तर खाली उतरल्यावर ये. मला तू समोर बसलेला हवा असतोस, बाकी काही कारण नाही आणि सहा वर्षांत कधीच नव्हतं. दुकान आठला उघडतं. येताना सुरी आणू नकोस.

तुझीच,
धारवाली