टाकीत उतरण्यापूर्वीची निरवानिरव

लिहून ठेवणार पोपट म्हाळू रणपिसे, वय बावीस, धंदा काही नाही, शिरूरचे कॉलेज अर्धवट सोडलेला, राहणार बौद्ध वस्ती, मौजे खडकमळा, तालुका दौंड. हे मी राजीखुशीने लिहीत आहे. दारू प्यालेलो नाही. डोके गरम आहे, पण ठिकाणावर आहे; या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कोर्टाने ध्यानात घ्यावे.

कारण असे की, मुंबईजवळ समुद्रात सापडलेला गॅस नळाने आणून आमच्या गायरानावर वीज तयार करायचा कारखाना एक कंपनी काढू पाहते. गायरान द्यायचे की नाही, याचा ठराव उद्याच्या ग्रामसभेत आहे. मागच्या सभेत मी ओरडून सांगितले होते, "वस्तीच्या गोबरगॅसवर पाण्याचं इंजिन चालवून दाखवतो, मग हात वर करायचा का ते ठरवा." लोक कबूल झाले. आणि नेमका आता टाकीचा खालचा पाइप पाचटाने तुंबला. शेणकाला आत जात नाही, गॅस धरत नाही. टाकीवर गॅस धरायला उपडा बसवलेला लोखंडी ड्रम सकाळी उचलून बाजूला ठेवला, वरून बांबूने ढोसले, पाइप मोकळा होत नाही. कोणीतरी आत उतरले पाहिजे. आतली हवा तपासायला आईची कोंबडी पाटीत घालून आत सोडली. वर काढली तेव्हा तिने मान टाकली होती. (नंतर उठली. आई माझ्याशी बोलत नाही.) टाकीला हवा लागू द्यायला चार दिवस हवेत, ते आमच्याकडे नाहीत. म्हणून ऊन कलायच्या आत मी उतरणार, आणि म्हणून हा कागद.

१. राहत्या घरातला माझा हिस्सा आई चांगुणा हिचा. त्या घरात परत चूल मांडू नये. गॅसची शेगडी आल्यापासून तिचा खोकला गेला. ती कबूल करत नाही, म्हणते, "हवा बदलली आसंल."

२. पाने, हातोडी, करवत माझा दोस्त म्हस्कू याला. ड्रम त्यानेच वेल्डिंग करून दिला. रंग मात्र भिकार दिला, हे इथे नोंदवतो.

३. फिजिक्सची पुस्तके वस्तीत जो पुढे शिकेल त्याला. शेवटची प्रकरणे कोरी करकरीत आहेत.

४. सोपानआप्पा धेंडे, दौंडला रेल्वेत फिटर, यांच्यावरचा राग. कंपनीच्या साहेबाने घरटी एक नोकरी देतो म्हटले. लिहून मागितल्यावर तो नुसता हसला. तरी आप्पा भर सभेत मलाच म्हणाले, "आमच्या बापजाद्यांनी गावाची मेलेली ढोरं वढली, शेण काढलं. बाबासाहेबांमुळं हात धुतलं. आन् ह्यो कॉलेजात जाऊन काय शिकला? वस्तीला पुन्यांदा शेणात घालायला!" टाळ्या पडल्या. मी खुर्ची उचलली. म्हस्कूने धरले, नाहीतर फेकलीच असती.

आप्पा, तेव्हा बोलता आले नाही ते आता ऐका. तेव्हा शेण दुसऱ्याचं होतं आणि हुकूमही दुसऱ्याचा. ही टाकी आपली, आणि चावी फिरवणारा हातही आपला. समुद्रातला गॅस एक दिवस संपेल. म्हैस उद्या परत शेण टाकणार. पण वस्तीत कोणाला वीतभर जमीन नाही. गायरान गेल्यावर ती म्हैस चरायची कुठं?

५. मी वर आलो नाही तर माझ्यामागे कोणी उतरायचे नाही. म्हस्कू, तू तर मुळीच नाही. टाकी बुजवायची नाही. सभेत माझ्यासाठी रडायचे नाही. गायरान द्यायला हात वर करायचा नाही, एवढेच.

६. सायकल आप्पांची मुलगी ललिता हिला. नर्सिंगच्या कोर्सला ती रोज स्टेशनापर्यंत चालत जाते. तिलाच का, हे कोर्टाने विचारू नये. माझ्या भाषणावर ती एवढेच म्हणाली होती, "आवाज लई मोठा, दाब कमी." तेव्हापासून मला जेवण जात नाही.

साक्षीबद्दल: कोर्टाबाहेरचा अर्ज लिहिणारा म्हणतो, साक्षीदार दोन हवेत, आणि ज्याला काही मिळायचे त्याने सही केली तर त्याचे ते जाते. वस्तीतल्या म्हाताऱ्या भैरूबाबांनी अंगठा दिला. दुसरी सही सरकारी नोकराची असावी म्हणून आप्पांना बोलावले. त्यांनी उभ्यानेच सगळे वाचले.

"सही न्हाई करणार."

"का, आप्पा?"

"सही दिली म्हंजी तुला उतरायला मोकळीक दिली. कंपनी पायजे मला. तुझ्या मढ्यावरनं नको."

त्यांच्या मागून ललिताने हात पुढे करून कागद घेतला. सहावे कलम वाचले आणि माझ्या हातातले पेन काढून घेतले. मी म्हणालो, "तू सही केलीस तर सायकल जाईल."

"वाचता येतं मला."

"ललिते, पेन खाली ठिव," आप्पा म्हणाले.

तिने ठेवले नाही. तिने लिहिले ते खाली आहे. आप्पांनी ते वाचले आणि टाकीपाशी उभ्या म्हस्कूला म्हणाले, "माझ्या घरनं रेल्वेचा जाड दोर आण. आन् त्याचं टोक माझ्या हातात आल्याबिगर ह्याला टाकीत उतरू देऊ नगं."

ठिकाण: खडकमळा, टाकीच्या कट्ट्यावर
तारीख: १८ मार्च १९७९

सही: पोपट म्हाळू रणपिसे

साक्षीदार १: भैरू साळवे, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार २: ललिता सोपान धेंडे. सायकल मला नको. ज्याची त्यानं चालवावी, मी मागं बसेन.