उपासाला चालतं ते मोजायचं नाही

१ ऑगस्ट, शुक्रवार
वजन ९१.४. तीन महिन्यांची साखर ८.४. डॉक्टर वयानं माझ्या ऋषीपेक्षा लहान, पण धमकी देण्यात पटाईत. म्हणाला, तीन महिने देतो. सहा किलो उतरवा, साखर खाली आणा. नाहीतर इन्शुलिनचं इंजेक्शन, रोज सकाळी, पोटात. सुई केवढी असते असं मी सहज विचारलं. त्यानं दोन बोटांत अंतर धरून दाखवलं आणि हसला. याच्या पोटात कधी गेली नसणार.

घरी आलो तर यशश्री तयारच. ही ऋषीची बायको. आहारतज्ज्ञ आहे, म्हणजे लोकांना उपाशी ठेवायचे पैसे घेते. तिनं माझ्या मोबाईलमध्ये एक अ‍ॅप टाकलं. खाल्लेलं सगळं त्यात लिहायचं, ते कॅलरी मोजतं. पोळी, भात, ठीक आहे म्हणालो. मग म्हणाली, बाबा, फळं आणि भाज्या पण लिहायच्या. तिथं मी थांबलो.

२ ऑगस्ट
मुद्दा साधा आहे. केळं उपासाला चालतं. केळं जर अन्न असतं तर उपास मोडला असता. मोडत नाही. म्हणजे केळं अन्न नाही. जे अन्न नाही त्यात कॅलरी कुठून येणार? चिकू, मोसंबी, रताळं, सगळ्यांना हाच नियम लागू.

एकतीस वर्षं ऑफिसात कारकुनी केली आहे. नियम मला शिकवू नये. फळं मोजावीत असा जीआर असेल तर दाखव म्हणालो. यशश्री म्हणाली, बाबा, उपास देवाला कळतो, साखरेला न्हाई. रजनी हसली. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, माझ्या बाजूनं एकदा तरी हसली असती.

४ ऑगस्ट, श्रावणी सोमवार
उपास. केळी पाच. उकडलेली रताळी एक ताट. मोसंबीचा रस एक ग्लास (तांब्या मोठा होता, पण भांडं एकच). अ‍ॅपमध्ये लिहिलं: शून्य.

अ‍ॅपनं लगेच कळवलं की तुम्ही आज फार कमी खाल्लं आहे, तब्येतीची काळजी घ्या. या घरात माझी काळजी करणारं कोणीतरी आलं.

७ ऑगस्ट
भाज्यांबाबत धोरण ठरवलं. वांगं ही भाजी. तेल करडईचं, करडईचीही भाजी होते, सबब तेलही भाजीतच धरलं. बटाटा जन्मानं भाजी आहे, पुढे तो वड्यात गेला म्हणून त्याची जात बदलत नाही. डाळीच्या पिठाचा वरचा पापुद्रा तेवढा प्रामाणिकपणे नोंदवला.

१२ ऑगस्ट, अंगारकी
राजूरच्या गणपतीला गेलो. शेवटचे चार किलोमीटर पायी, बाकी जीप. रस्त्यानं मंडळांचे मांडव, प्रत्येक मांडवात केळी वाटप. हातात दिलेल्याला नाही म्हणणं मला जमत नाही, आणि देवाच्या वाटेवर तर नाहीच. नऊ केळी, दोन वाट्या भगर. यशश्री संध्याकाळी म्हणाली, चार किलोमीटर चालून तीन केळीसुद्धा जिरत नाहीत. हिला देवाधर्माचं काही आहे का?

आजही शून्य. सगळा महिनाच शून्याचा झाला असता, पण मध्ये साधे दिवस येतात त्याला काय करणार.

२४ ऑगस्ट
शेजारचे पारसमलजी. बियाण्याचं दुकान, खाण्यात चिक्कू. डॉक्टर आमचा एकच. सध्या यांचं पर्युषण चालू आहे. जैन माणूस, हिरवी भाजीसुद्धा बंद. एक वेळ जेवण, तेही सूर्य मावळायच्या आत. मी त्यांना समजूतदार समजून विचारलं की फळं मोजायची का. म्हणाले, हमारे में उपास बोले तो सिर्फ उबाला हुआ पानी, भालचंद्रजी. आपका उपास तो बिलकुल दावत है.

माणसानं शेजाऱ्याच्या धर्मावर बोलू नये. त्यांची पँट कमरेवर हातानं धरून ठेवावी लागते, एवढं मात्र खरं. दुखणं असेल काहीतरी.

९ सप्टेंबर
ऑफिसातला रखमाजी शिपाई तीर्थपुरीचा. त्यानं बागेतली मोसंबी आणली, अर्धं पोतं. मी कॅलरीचा विषय काढला. तो म्हणाला, साहेब, झाडावरचं हाये ते, त्याच्यात काय कॅलरी असून राह्यली? बिनधास्त खा. जालना जिल्ह्यात एक तरी शहाणा माणूस आहे. रिटायर होण्याआधी त्याच्यासाठी काहीतरी करावं म्हणतो.

१० सप्टेंबर, संकष्टी
उपास. मोसंबी अकरा. शून्य.
वजन ९२.६. काटा यशश्रीनं आणलेला आहे, तो कुणाच्या बाजूनं बोलणार हे उघड आहे.

१५ सप्टेंबर
यशश्री रोज सकाळी एक डबा माझ्या बॅगेत ठेवते. काकडी, मोडाची मटकी, सफरचंदाच्या चार फोडी. चारच. मी कैदी आहे का? डबा रखमाजीला देतो. त्याची साखर उत्तम आहे म्हणे.

२१ सप्टेंबर
उद्यापासून नवरात्र. मी सगळे दिवस धरणार. जन्मात पहिल्यांदा. रजनी म्हणाली, तुम्ही? मंग काय देवीला घाबरवून राह्यले का? लक्ष दिलं नाही. सगळे दिवस शून्य, म्हणजे हिशेबानं चार किलो तरी उतरायलाच पाहिजेत. डॉक्टरचा चेहरा बघण्यासारखा होईल.

२६ सप्टेंबर
बाजारात सीताफळं आली. पाच दिवसांत बावीस. गर मऊ असतो, चावावंही लागत नाही, म्हणजे ते जवळजवळ पाणीच. अ‍ॅपनं आज विचारलं की आपण डॉक्टरांना भेटलात का.

२ ऑक्टोबर, दसरा
नवी पँट बसेना. शिंप्याशी भांडलो. तो म्हणाला, माप तुमचंच हाये, जूनमधलं. हलक्या प्रतीचं कापड वापरतात आणि गिऱ्हाइकाच्या पोटावर ढकलतात. जुनीच घातली, वरचं बटण न लावता. शर्ट बाहेर काढला.

७ ऑक्टोबर
ऑफिसात पाण्याच्या चार बाटल्या होतात. पायाच्या अंगठ्याला मुंग्या येतात. उष्णता असावी.

इथं कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, इंजेक्शन सुरू झालं आणि चौदा महिन्यांत ते गेले. घरचे साखरेला दोष देतात. मी सुईला देतो, कारण साखर त्यांना आधीपासून होती आणि ते चांगले हिंडत-फिरत होते. गेले तेव्हा एकोणसाठ वर्षांचे होते. मला पुढच्या मार्चमध्ये एकोणसाठावं लागेल. मला भीती वाटते. रजनीला हे सांगितलेलं नाही.

१६ ऑक्टोबर
यशश्रीनं सरळ विचारलं, बाबा, दिवसाला किती फळं होतात? तीन महिने संपायला पंधरा दिवस उरलेत. मी म्हणालो, तू या घरात आलीस तेव्हापासून इथं घासाला मोजमाप लागलं. तुझ्या माहेरी मोजत असतील. आमच्याकडं माणसं जेवतात.

ती उठून आत गेली. ऋषी ताटावरून उठला. पाच मिनिटांत वादाचा निकाल लागला, माझ्या बाजूनं.

१८ ऑक्टोबर
रजनी दोन दिवस बोलत नाही. वाढते, पण ताट जरा जोरात ठेवते. डबा मात्र बॅगेत होता. फोडी चारच.

१ नोव्हेंबर, शनिवार
वजन ९४.१. साखर १०.२.

लॅबवाल्याची चूक असावी म्हणालो. डॉक्टरनं ऐकून घेतलं नाही. काय खाता असं विचारलं. फार कमी, असं म्हणून मी मोबाईल पुढे केला. त्यानं अ‍ॅप वर-खाली केलं. शून्य, शून्य, शून्य. मग माझ्याकडं न बघता सोबत आलेल्या यशश्रीकडं बघितलं. म्हणाला, मॅडम, तुम्ही या क्षेत्रातल्या, तुमच्या घरात हे कसं झालं?

आता ही सगळं सांगणार, असं मी धरून चाललो. राजूरची केळी, पोतं, सीताफळं, तिला सगळं माहीत होतं. उत्तर मनात तयार ठेवलं होतं, जरा तिखटच. ती म्हणाली, माझंच लक्ष कमी पडलं, डॉक्टर. बाबांचे उपास होते, मी नीट आखून द्यायला पाहिजे होतं.

डॉक्टरनं तिला पाच मिनिटं सुनावलं. ती मान खाली घालून उभी. मी खुर्चीत बसलेला. तयार ठेवलेलं उत्तर कुठंच वापरता आलं नाही.
सोमवारपासून इंजेक्शन.

२ नोव्हेंबर, रविवार
तिच्याशी बोलायचं ठरवलं होतं. सकाळी ती कामात होती. दुपारी मी झोपलो. संध्याकाळी पारसमलजी विचारायला आले, रिपोर्ट कसा आला. त्यांची साखरेची गोळी अर्धी झाली आहे. चहाला थांबले नाहीत, सूर्य मावळायला आला होता म्हणे.

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.२०
यशश्री सुई घेऊन आली. रजनी दारात उभी. मी शर्ट वर केला, डोळे मिटले आणि थांब म्हणालो. आधी एक सांगायचं आहे. मग अण्णांचं सांगितलं. चौदा महिने, एकोणसाठ वर्षं, सगळं. मला भीती वाटते हे रजनीनं पहिल्यांदा ऐकलं.

यशश्रीनं विचारलं, अण्णांना डॉक्टरांनी इंजेक्शन घ्या असं पहिल्यांदा कधी सांगितलं होतं? मी म्हणालो, त्याच्या आधी सहा वर्षं. ते घेत नव्हते. डॉक्टरशी भांडायचे. म्हणायचे, मी गोड कुठं खातो, माझे तर आठवड्याला दोन उपास.

एवढं बोललो आणि पुढचं बोलता येईना. रजनीनं नाक ओढल्याचं ऐकू आलं. डोळे तसेच मिटून ठेवले आणि म्हणालो, टोच आता.

ती म्हणाली, मघाशीच टोचलं, बाबा. तुम्ही अण्णांचं सांगत होतात तेव्हा. शर्ट खाली घ्या.