तीन गोळ्या, एक पेला दूध

३ मे

चि. छोटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. थायरॉइडची गोळी दोनदा वाढवूनही रिपोर्ट हलत नाही, उदासीवरची गोळी तीन आठवडे घेऊनही रडू थांबत नाही. म्हणून दोन्ही बंद करून शिलाईचं दुकान शेजारणीला देऊन टाकणार म्हणतेस. वर मला विचारतेस, बरोबर ना? अजिबात नाही.

औषधांच्या दुकानात उभा जन्म काढला, म्हणून सांगते. उदासीवरची गोळी म्हणजे डोकेदुखीची नव्हे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, तो जरा जास्त टिकावा अशी ती सोय करते. गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. एकदम सोडलीस तर चक्कर येईल, चिडचिड होईल. शिवाय थायरॉइड कमी पडलं तरी माणूस सुस्त आणि उदास होतो. तेव्हा आधी सांग, गोळ्या घेतेस कशा? खरं लिही.

तुझी,
ताई

९ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

दरडावणं पोचलं. कशा म्हणजे काय गं? आपल्या घरची रीत, एका बैठकीत उरकायचं. सकाळी थायरॉइडची, उदासीवरची आणि हाडांसाठी कॅल्शियमची, तिन्ही पेलाभर दुधाबरोबर. मशीनवर बसलं की उठायला नको.

परवा एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. गिऱ्हाईक हसलं, मी पडद्यामागे जाऊन रडले. शेजारीण रोज किल्ली मागते.

माया पातळ करू नकोस.
छोटी

१४ मे

चि. छोटीस आशीर्वाद.

खुळे! दूध आणि कॅल्शियम ती थायरॉइडची गोळी पोटातच अडवतात, रक्तात जाणार कुठून? ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. खाणं तासाभराने, कॅल्शियम चार तासांनी. पण परस्पर बदल करू नकोस. न पोचणाऱ्या गोळीवर डोस वाढवलाय; आता सगळा अंगी लागला तर छाती धडधडेल. आधी डॉक्टरीणबाईंना सांग. उदासीवरची चालू ठेव. आणि नवा रिपोर्ट येईपर्यंत किल्ली कुणाला द्यायची नाही. हे विचारत नाही, सांगते आहे.

काळजीत,
ताई

२१ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत; तुझ्यापेक्षा बऱ्या. डोस उतरवला, आता रिपोर्ट ठीक आहे. उदासीवरची गोळी अजून काही महिने चालू राहील. रडू अगदीच गेलं नाही, अधूनमधून डोकावतं.

शेजारणीला नाही म्हटलं. फुगली. दोन दिवसांनी फाटलेलं जाकीट घेऊन आली. म्हणाली, दुकान नाही तर नाही, एवढं तरी शिवून दे.

गुरुवारी ये म्हटलं. ताई, किती दिवसांनी मी कुणाला पुढचा वार दिला!

असाच धाक असू दे.
छोटी