रानडुकरं उजेडात आली

करकंब, मंगळवार

ती. आईस,
दुर्गाचा नमस्कार. माझ्या लेकीला, सईला पापा दे.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही म्हणून लिहिते. मी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते.

हे गेल्यावर ह्यांच्या जागी वनखात्यात लागले, पण तिथं करतेस काय, असं तू विचारलं होतंस. हसू नकोस, रानडुकरांची विष्ठा गोळा करते. उसाची नासाडी होते म्हणून इथली निम्मी डुकरं परवानगीने मारली. उरलेल्यांवर किती ताण आहे, ते विष्ठा तपासून कळतं. पहिल्यांदा मी ती गोवऱ्यांसारखी उन्हात वाळवली. साहेब ओरडले, “बाई, बर्फात ठेवायची असते!”

उरलेली डुकरं दिवसभर उसातच दडून असायची. पान हललं तरी पळायची. मला त्याचं नवल वाटलं नाही.

काल मात्र चांगलं ऊन असताना एक मादी पिल्लं घेऊन ओढ्यावर आली, चिखलात लोळली. आमचे वनमजूर रावजी म्हणाले, “भ्या गेलं बगा बाई. आता परत ऊस खानार की!” मी मोठ्याने हसले. तरी ती पळाली नाही. मारणं बंद झाल्यापासून तपासणीतही ताण उतरलाय.

सई गल्लीत खेळायला जाते का? नसेल जात तर ढकलू नकोस.

हे गेल्यानंतर तुझ्याकडे भवानी पेठेत मी अंधार पडल्यावर, लोकांना चुकवून मागच्या बोळातून येत होते. तू मागचं दार उघडं ठेवायचीस. रविवारी दुपारच्या गाडीने येते. पुढचं दार उघडं ठेव.

तुझी
दुर्गा