चिमणीचे कोरे तास

ता. ४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी खुशाल नाही, म्हणून तुझी खुशालीही विचारत नाही.

सिमेंटच्या भट्टीत कोळशाबरोबर टायरचे तुकडे जाळले तरी धूर वाढत नाही, असा माझा अहवाल कंपनीने प्रदूषण मंडळाला देऊनही टाकला. आता दुप्पट टायर जाळायला परवानगी मिळेल. काल चिमणीवरच्या धूरमापकाचे कोरे, म्हणजे आकडाच न नोंदलेले, तास मोजले. एकशे बारा! 'यंत्र तपासणीत' म्हणून मी ते मूर्खासारखे गाळले होते. सगळे तुझ्या पाळीतले. टायर टाकले, आकडा चढला, की तास कोरा.

मापक तपासणीला लावायचं बटण तुझ्या हाताशी असतं. मॅनेजरने सांगितलं का? त्याच चिमणीखाली आई राहते, तिला धाप लागते, एवढं तरी आठवायचं होतंस.

राग आहे तोवर तुझीच,
धाकटी


ता. ९ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

तोंड सांभाळून लिही. मला असलं सांगायची मॅनेजरची छाती नाही. बटण मी दाबलं, तुझ्यासाठी. आकडे उड्या मारतात, पहिलंच काम हातचं जाणार, असं रडत कोणी लिहिलं होतं? म्हटलं, उड्या मारतात तेवढा वेळ यंत्र तपासणीला लावू, पोरीचं काम सरळ होईल. त्या उड्याच मोजायच्या असतात, हे मला अडाण्याला काय ठाऊक? शिकलेली तू. एका ओळीने विचारायला हात मोडले होते?

आई जिना चढताना दोनदा बसते. तिला यातलं काही लिहू नकोस.

भांडलीस तरी माया आहेच,
दादा


ता. १३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हात मोडले नव्हते. आकडे मला हवे तसे आले, म्हणून विचारलं नाही. स्वतःवरचा राग तुझ्यावर काढला.

अहवाल मागे घ्यायचा तर तास कोणी कोरे केले ते लिहावं लागेल. तुझी नोकरी जाईल. तीन कागद फाडले, तुझं नाव लिहवत नाही.

रागावू नकोस असं म्हणायचंही तोंड नाही,
धाकटी


ता. १७ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

नाव मीच लिहून मंडळाच्या कचेरीत देऊन आलो. पोच घेतली आहे. काल अख्खी पाळी टायर टाकले आणि बटणाला हात लावला नाही. आकडे सोबत आहेत, एकही तास कोरा नाही. आजपासून मला फाटकाच्या आत घेत नाहीत. आईला सुट्टी घेतली म्हणून सांगितलं आहे.

लोभ मागाहून कर, आधी नीट मोज.

दादा