वेष्टन, चीज आणि माझी सही

६ जानेवारी, सोमवार
नव्या वर्षाचा संकल्प: कुणाच्या बापाला घाबरायचं नाही. आमच्या कारखान्याची मॅनेजर डार्लीन म्हणाली, शाळेच्या जेवणातल्या चीजला आपलं नवं मऊ वेष्टन लागणार, फेब्रुवारीत माल निघेल, लॅबच्या तपासणीवर तुझी सही तेवढी हवी. तेवढी म्हणे! अर्ध्या विस्कॉन्सिनची पोरं माझ्या भरवशावर चीज खाणार.

७ जानेवारी
वेष्टनाचे तुकडे कापून अल्कोहोलच्या बाटल्यांत टाकले. चीजच्या चरबीऐवजी अल्कोहोल. प्लॅस्टिकमधलं काय काय सुटतं ते त्यात उतरतं. दहा दिवस उबेत. लॅबमधल्या टॉडनं विचारलं, एक बाटली कोरी ठेवलीस का, तुकडा न घालता? तुलनेला. मी म्हटलं, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी हे करतोय. (नाही ठेवली. उगाच भांडी वाढतात.)

१७ जानेवारी, शुक्रवार
सापडलं! प्लॅस्टिक मऊ करणारं रसायन, मर्यादेच्या चौपट. आनंद होऊ नये, पण झाला. सोमवारच्या मीटिंगचं भाषण आरशासमोर दोनदा म्हटलं. माल माझ्यामुळे थांबणार.

२० जानेवारी
मीटिंग. भाषण उत्तम झालं. डार्लीननं शांतपणे ऐकून घेतलं आणि कोऱ्या बाटलीचा आकडा मागितला. मी म्हटलं, गोष्ट इतकी उघड आहे की गरज नाही. गरज आहे, म्हणाली.

२२ जानेवारी
परवा भरलेल्या कोऱ्या बाटलीत दोनच दिवसांत तेच रसायन. वेष्टन नाही, तरी आहे. कुठून आलं? माझ्या हातमोज्यांतून. लॅबच्या मोज्यांनी खाज सुटते म्हणून मी दुकानातून स्वस्तातले आणले होते. टॉड आता मला 'हातमोजे' म्हणतो. दुर्लक्ष करायचं.

२३ जानेवारी
सगळं काचसामान नव्यानं धुतलं. लॅबचे मोजे. खाज. बाटल्या पुन्हा उबेत. शनिवारी गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जायचं ठरलं होतं, पण अंग कणकणलं.

३ फेब्रुवारी, सोमवार
कोरी बाटली स्वच्छ. वेष्टनाची बाटली मर्यादेच्या दुप्पट. तीनदा पाहिलं. म्हणजे मी बरोबर होतो. अपघातानं, पण बरोबर.

४ फेब्रुवारी
डार्लीनला सांगितलं. ती म्हणाली, "लायल, या वेळी कुणाचे हातमोजे?" सगळे हसले. थोडा मीही हसलो, तेच चुकलं. मग तिनं बाहेरच्या लॅबचा दाखला दाखवला. त्यांनी तुकडे नुसत्या पाण्यात ठेवले होते. पाण्यात काही सुटत नाही. मी म्हटलं, चीज म्हणजे पाणी नव्हे. ती म्हणाली, "चीजमध्ये पाणी असतंच की रे बाबा. सही कर आणि घरी जा." सही केली नाही. ताठ मानेनं निघालो.

५ फेब्रुवारी
सही करणार नाही म्हणजे नाही. वेळ आली तर राजीनामा.

६ फेब्रुवारी
बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये. विमा या नोकरीतूनच मिळालेला. राजीनामा एप्रिलमध्ये जास्त परिणामकारक ठरेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सही केली. हे हरणं नाही. आत राहूनच लढता येतं. डार्लीननं सगळ्यांना तळलेल्या माशाचं जेवण दिलं. मासा बरा होता.

१० फेब्रुवारी
आतून लढायला सुरुवात करायची होती. आज जरा काम होतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
मुलीला उशीर होणार म्हणून नातीला शाळेतून मी आणलं. गाडीत बसल्या बसल्या तिनं दप्तरातून जेवणातलं उरलेलं चीज काढलं. मी वेष्टन लगेच ओळखलं. नको खाऊ म्हणणार होतो. का, असं तिनं विचारलं असतं.
म्हणून म्हटलं, मला भूक लागलीय, अर्धं देतेस का? तिनं सगळं पुढे केलं. म्हणाली, "तुम्ही खा आजोबा, आम्हाला रोज मिळतं."