ताईच्या गोळ्या काकांच्या खिशात

मंगळवार, परतूर

...अन् वर काका मलाच म्हणतेत, "लई इंग्लिश झाडू नको!" ताईच्या अँटीबॉडीज तिच्याच मेंदूतल्या प्रोटीनला दुश्मन समजून हल्ला करून राह्यल्यात, एवढं सोपं तर सांगितलं! त्यावरच्या स्टेरॉईडच्या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, हेबी. तरी काकांनी गोळ्या खिशात घातल्या. का, तर त्या गोळ्यांनी तिचं तोंड सुजलंय अन् रविवारी पाहुणे बघायला येणारेत.

आज ताईला माझं नावच आठवेना. काका हसले, "लगनाच्या विचारात हाय पोरगी!"

डोकं फुटायची येळ आली. गोळ्या अजून त्यांच्याच खिशात. ताईबी म्हणते, "रविवारपर्यंत राहू दे." तिचं ऐकू, का पाहुण्यांनाच फोन लावून सगळं सांगू? तुला काय वाटतं?